आत्ता घेऊ का ठेवू?

२०२३ चा पावसाळा. कितीतरी दिवस ऊन पडलं नव्हतं. जिन्यात ओल्या चपलांचा आणि न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास भरून राहिला होता. संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि खालच्या मजल्यावर भाड्याने राहणारी परभणीकडची मुलगी दारात आली. काखेत पोर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नवऱ्याचे कागद : ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, आधार, पासबुक, घड्या पडून मऊ झालेल्या पगाराच्या पावत्या. मी भोसरीतल्या लहान वर्कशॉपची पगारपत्रकं लिहिते, पीएफ-ईएसआयची चलनं भरते, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे असले कागद फिरत फिरत माझ्याच दारात येतात. तिच्या नवऱ्याला चाकणच्या कंपनीतून ब्रेक दिला होता, म्हणजे कामावरून थांबवलं होतं. गेटपास बंद झाला, ठेकेदार म्हणाला, "थांब, फोन करतो," आणि फोन आलाच नाही. ती आत यायलाही तयार नव्हती, उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "काकू, काम सुटल्यावर ईएसआयवाले नव्वद दिवस अर्धा पगार देतेत म्हणं. पण जन्मात एकदाच भेटतंय. मग आत्ता घेऊ का ठेवू?"

नियम मला पाठ होते, ते मी कणकेच्या हातांनीच सांगितले. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. जुलै २०१८ पासून सुरू झालेली, तीही दोन वर्षांच्या प्रयोगापुरती, मग मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चाललेली. सुरुवातीला सरासरी पगाराच्या २५ टक्के मिळायचे, कोरोनात ते ५० टक्के केले. पूर्वी तर ९० दिवस बेकार राहिल्यावर पैसे मागता येत, आता ३० दिवसांनी मागता येतात. किमान दोन वर्षं ईएसआय लागू असायला हवा, त्यातल्या ठरलेल्या सहामाह्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस. ती सगळं ऐकत होती, मान हलवत होती, पोराने तोंडात घातलेला पिशवीचा कोपरा ओढून काढत होती. माझं बोलून झाल्यावर तिने पुन्हा तेच विचारलं, "मग घेऊ?"

मला काही सांगता येईना.

तिचा हिशेब अगदी सरळ होता. नवरा बत्तीस वर्षांचा. आयटीआयचा टर्नर, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर हात बसलेला. आज ना उद्या काम लागेल. पण हे असं काम सुटणं पहिलं नव्हतं आणि शेवटचंही असणार नव्हतं. अजून पंचवीस-सव्वीस वर्षं कंपन्यांच्या गेटवर काढायची आहेत. पुढे कधी ह्याहून वाईट दिवस आले, पोराचं आजारपण निघालं, गावाकडे काही झालं आणि नेमकं तेव्हाच काम सुटलं, तर? एकदाच मिळणारी गोष्ट थोडी कळ सोसून मागेच ठेवावी, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. आपल्याकडे बाईच्या हातातल्या पाटल्या अशाच असतात. रोज दिसतात आणि मोडायच्या नसतात. अडीनडीला ठेवलेल्या. पण ही आत्ताची अडचण म्हणजे ती 'अडीनडी' की अजून खरी यायचीच आहे, हे कोणी ठरवायचं?

माझ्या आईच्या पाटल्या १९८२ मध्ये गेल्या. गिरणी संपाच्या वर्षी. वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, त्याआधी बरीच वर्षं बदली. बदलीवाल्याचं जिणं आता कोणाला सांगितलं तरी पटत नाही. रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं, आज कोण खाडा आहे ते बघायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर घरी. भोंगा व्हायचा, आई डबा भरून द्यायची आणि कधी कधी तो भरलेला डबा तासाभरात परत यायचा. तेव्हा माझी मजा असायची, कारण डब्यातली भाजी मला मिळायची. त्या दिवशी वडील बेकार होते की नव्हते? कुठल्या कागदावर त्याची नोंद होत असेल तर असो, आमच्या घरात होत नव्हती. वडील फक्त गप्प असायचे आणि कॉमन गॅलरीत बसून दोन-दोनदा पेपर वाचायचे.

संप १८ जानेवारीला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यावर खूप लिहून झालंय, मी ते पुन्हा लिहिणार नाही. माझ्या लक्षात राहिली आहे ती मुदतीची भाषा. चाळीत कोणीही 'किती दिवस' असं म्हणत नसे. म्हणत, शिमग्यापर्यंत मिटेल. शिमगा गेला. मग गणपतीपर्यंत नक्की, सरकारला गणपतीत लफडं नको असणार. गणपती गेले, त्या वर्षी कितीतरी जण गावाहून परतलेच नाहीत. मग दिवाळी, बोनसशिवायची. प्रत्येक सणाच्या अलीकडे आशा असायची आणि पलीकडे वाण्याची वही. वाण्याने पहिले काही महिने काहीही विचारलं नाही. मग एक दिवस आई तेल आणायला गेली तर त्याने वही न काढताच तेल दिलं आणि म्हणाला, "वहिनी, ह्याच्यापुढे रोखीने." रागावून नव्हे. त्याचंही कुठेतरी देणं होतंच. पाटल्या त्याच आठवड्यात गेल्या असाव्यात, कारण त्यानंतर आई भांडी घासताना येणारा तो बारीक किणकिण आवाज बंद झाला.

पुढे वडील गिरणीत परत गेले नाहीत, म्हणजे घेतलं नाही. भिवंडीला यंत्रमागावर लागले, बारा-बारा तासांच्या पाळीत, आधीच्या निम्म्या पैशांत आणि ज्याला साच्यावरचा माणूस कामच म्हणायला तयार नसे अशा कामात. संपकऱ्याला भत्ता कुठला मिळणार? जगात बहुतेक ठिकाणी नसतो आणि ते मी समजू शकते. पण मला आजही वाटतं की वडिलांना भिवंडीला कापड घेऊन गेलं नाही, वाण्याची वही घेऊन गेली. अजून चार-सहा महिने ती उघडी राहिली असती तर त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं. किंवा नसतंही शोधलं, आणखी चार-सहा महिने गॅलरीत पेपर वाचला असता. हे दुसरं वाक्य लिहायला मला आवडत नाही, पण त्यांना ओळखणारं कोणीही ते लिहील.

बेकारभत्ता किती दिवस द्यावा ह्या प्रश्नावर सगळं जग ह्याच दोन वाक्यांच्या मध्ये घुटमळत आलंय. ब्रिटनने १९११ च्या कायद्याने पहिल्यांदा देशभराचा बेकारी विमा आणला, तोही जहाजबांधणी, बांधकाम अशा मोजक्या धंद्यांपुरता. आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे, आणि पाच आठवड्यांच्या वर्गणीमागे एक आठवडा. जेवढं भरलंस तेवढंच बोल. १९४२ मध्ये तिथल्याच विल्यम बेव्हरिजने सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात उलट टोक धरलं : बेकारी असेल तोवर भत्ता द्या, फक्त ठरावीक काळानंतर माणसाला प्रशिक्षणाला बसवा. सरकारने अहवाल डोक्यावर घेतला आणि १९४६ च्या कायद्यात मुदत घातलीच. १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने किमान पातळी ठरवली, १२ महिन्यांत १३ आठवडे. तेरा साते एक्क्याण्णव. आपले ९० दिवस तिथूनच उचलले असतील असा माझा दावा नाही. पण तीन महिने ही अशी मुदत आहे की ती कुठल्याही कार्यालयातल्या माणसाला पुरेशी वाटते. एक तिमाही. फायलीत छान बसते.

माझी मावशी दादरला राहते, तिचा मुलगा एडिसनला, न्यू जर्सीत. २००९ मध्ये त्याची नोकरी गेली. तोपर्यंत त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे त्याला भत्ता लागू झाला. तिथे साधारण २६ आठवड्यांची रीत, पण त्या मंदीत केंद्राने वाढवत वाढवत नेली आणि जिथे बेकारी जास्त त्या राज्यांत ती ९९ आठवड्यांपर्यंत पोचली. भावाने हे मला सांगितलं होतं, आपल्या आईला मात्र नव्हतं सांगितलं. तिच्या लेखी तो रोज ऑफिसला जात होता. आणि मावशी दुपारी टीव्हीवर बातम्या बघून मला फोनवर म्हणायची, "दोन-दोन वर्षं बसून पैसे मिळाल्यावर कोण मेला हातपाय हलवील? आपल्याकडे असं केलं ना, तर अख्खा महाराष्ट्र घरी बसेल." मी 'हो ना' म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? तिकडे हा गॅरेजमध्ये बसून अर्ज करत होता, आणि त्याची बायको एका भारतीय दुकानात गल्ल्यावर उभी राहत होती. दुकानदार मराठी होता, त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, ह्याबद्दल आमचं घर त्याचं ऋणी आहे. भावाला पुढे नोकरी लागली, ९९ आठवडे संपायच्या खूप आधी. आधीच्यासारखीच, त्याच क्षेत्रातली. तो अजून तिथेच आहे.

मावशीची शंका अगदीच वेडगळ नव्हे, अर्थशास्त्रज्ञांचीही तीच होती. आकड्यांत दिसायचं की भत्ता संपायच्या आठवड्यात बेकारांच्या यादीतून एकदम ढीगभर माणसं बाहेर पडतात. ह्याचा सरळ अर्थ : भत्ता होता तोवर बसले, संपल्यावर झटकन काम मिळालं. मग डेव्हिड कार्ड, राज चेट्टी आणि आंद्रेआ वेबर ह्यांनी ऑस्ट्रियाच्या नोंदी तपासल्या आणि २००७ मध्ये दाखवून दिलं की त्या आठवड्यात यादीतून बाहेर पडणारे पुष्कळ असले, तरी नव्या कामावर रुजू होणारे तेवढे वाढत नाहीत. बाकीचे नुसतेच यादीतून जातात. पैसे संपल्यावर त्या खिडकीशी जाऊन नाव नोंदवायचं कशाला? मला हे वाचताना हसू आलं आणि मग आलं नाही. आमच्या वर्कशॉपमध्येही माणूस यायचा बंद झाला की मी रजिस्टरात रेघ मारते. त्याला दुसरीकडे काम लागलं की तो गावी जाऊन पडलाय, हे त्या रेघेवरून कळायला काही मार्ग नसतो.

अमेरिकेतही सगळं एकसारखं नाही हे पुढे कळलं. भत्त्याची मुदत राज्यागणिक वेगळी. फ्लोरिडात बेकारीचा दर खाली असला की फक्त १२ आठवडे, म्हणजे आमच्या चाकणवाल्यापेक्षाही आठवडाभर कमी. दर वर गेला की मुदतही चढते. ही दरावर हलणारी मुदत मला पटते, आकडा कंजूष असला तरी. काम नसतं तेव्हा शोधायला जास्त दिवस लागतात, एवढी साधी गोष्ट निदान कायद्याच्या कानावर तरी घातली आहे. आणि त्याच एडिसनमध्ये आज एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर गेलेली आमच्या नात्यातली मुलं आहेत, त्यांची नोकरी गेली तर त्यांच्याकडे ६० दिवस असतात. ते भत्त्याचे नव्हेत. देशात थांबण्याचे.

खालच्या मजल्यावरचा तो मुलगा त्या काळात मला येता-जाता दिसायचा. सुरुवातीला रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाइकवर निघायचा. मोशी, तळवडे, परत चाकण, जिथे कोणी ओळखीचं सुपरवायझर असेल तिथे. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा फोनवर. मग गेटपाशी. आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जायला त्याला कितीतरी वेळ लागू लागला. मध्ये थांबायचा, वॉचमनशी बोलायचा, रस्त्यावर खोदकाम चाललेलं असेल तर ते बघत उभा राहायचा. त्याची बायको मात्र त्याच रस्त्यावरून पोराला ओढत तरातरा जायची. मला त्यावरून मारिएनथालची आठवण झाली. व्हिएन्नाजवळचं गाव, तिथली कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल ही संशोधक मंडळी तिथे गेली, आणि त्यांनी काय करावं, तर खिडकीत बसून, घड्याळ लावून, गावच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुष हळू चालत, मध्येच थांबत, थांबून पुन्हा थांबत. बायका भराभर जात, कारण त्यांना घरचं काम होतं, ते कुठे बंद पडलं होतं? गावात वाचनालय होतं. वेळच वेळ असताना पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. तिथे भत्त्याची मुदत काही महिन्यांची, मग त्याहून कमी रकमेची मदत, मग तीही बंद. आणि मदत चालू असताना कोणी लाकडं तोडून थोडं सरपण मिळवलं आणि चुगली झाली, तर मदत कापली जाई.

मारिएनथाल वाचून दोन्ही बाजूंचे लोक आपापलं सिद्ध करू शकतात. बघा, पैसे देऊनही माणूस कुजतोच. किंवा, बघा, पैसे कमी होत गेले तशी माणसं विझत गेली. मला एवढंच दिसतं की रिकाम्या दिवसांचं नुकसान कुठलाच भत्ता पूर्ण भरून देत नाही, मग तो तीन महिन्यांचा असो की दोन वर्षांचा. म्हणून तो छोटा ठेवावा, हे मात्र त्यातून निघत नाही. उपासमारीने चाल सुधारते असं खिडकीतल्या त्या घड्याळाने कुठे दाखवलंय?

आता मला सगळ्यांत टोचणारी गोष्ट सांगते. ती मुलगी गेल्यावर मी सहज जुनी परिपत्रकं काढून बसले. ईएसआयचीच आणखी एक योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, २००५ पासूनची. कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर छाटणी झाली, तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता : पहिले १२ महिने निम्मा पगार, पुढचे १२ महिने पाव. तोच विमा, पगारातून तीच कपात. एकाच शेडमध्ये एकाच मशीनवर दोन पाळ्यांत काम करणारे दोघे घ्या. एक कंपनीच्या हजेरीपटावरचा, त्याला छाटणीचं पत्र मिळालं. दुसरा ठेकेदाराचा, त्याला 'फोन करतो' मिळालं. पहिल्याला २४ महिने, दुसऱ्याला ९० दिवस, तेही जन्मात एकदा. आता ज्याला पत्र मिळालं त्याच्या हातात नुकसानभरपाईही आलेली असते, निदान यायला हवी. ज्याला काहीच मिळालं नाही त्याचीच मुदत आखूड. काम शोधायला किती दिवस लागतील ह्याच्याशी ह्या आकड्यांचा काही संबंध नाही. काम कसं गेलं ह्याच्याशी आहे. आणि त्याहून जास्त, जाणाऱ्या माणसाच्या शब्दावर आपला किती विश्वास आहे ह्याच्याशी. पत्र असलेल्याचा विश्वास वाटतो. ब्रेकवाला खोटं बोलत असेल, कुठेतरी काम करत असेल, आळशी असेल, म्हणून त्याला तीन महिने आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस.

त्यांनी ठेवायचं ठरवलं. म्हणजे तिने ठरवलं. तो म्हणत होता घेऊ, ती म्हणाली नको. मी तिला सांगितलं होतं की हे पाटल्यांसारखं ठेवता येत नाही. पुढच्या कामात ईएसआय कापला गेला नाही, तर वर्गणीची अट मोडेल आणि ठेवलेलं आपोआप जाईल. "बघू की, कापतीलच की," ती म्हणाली. त्यांनी आधी पीएफ काढला, महिनाभर बेकार राहिलं की पंचाहत्तर टक्के काढता येत होता. आपल्याकडचा खरा बेकारी विमा हाच : म्हातारपण आधी खायचं. गणपतीच्या आसपास त्याला काम लागलं. वाकडकडच्या एका मोठ्या सोसायटीत सिक्युरिटी गार्डचं, बारा तासांची ड्यूटी, हातात बारा-तेरा हजार. एजन्सी ईएसआय कापत नव्हती. टर्नरचा गार्ड झाला. तो युनिफॉर्म घालून पहिल्यांदा जिना उतरला तेव्हा आमची गाठ पडली. मी म्हटलं, छान दिसतोस रे. तो म्हणाला, "काकू, उभं राहायचं काम आहे. त्याची आता प्रॅक्टिस झालीये."

ह्यात गार्डच्या कामाला नावं ठेवायची नाहीत. पण मी ज्या वर्कशॉपमध्ये पगार लिहिते तिथला मालक त्याच महिन्यात सीएनसीला माणूस मिळत नाही म्हणून डोकं धरून बसला होता. मी सांगितल्यावर तो घ्यायला तयार झाला, पण दिवाळीनंतर, नवीन मशीन आल्यावर. म्हणजे मध्ये दोन-अडीच महिने. तेवढं थांबायला त्या पोराकडे काही नव्हतं, किंवा होतं ते 'ठेवलेलं' होतं. दिवाळीनंतर मी विचारलं तर तो म्हणाला, गार्डचा पगार नियमित येतोय, आता हलायची भीती वाटते. बेकारभत्त्याचा खर्च मोजणारे पुष्कळ आहेत. बसलेला हात मशीनवरून उठून गेटवर गेला, ह्याचा हिशेब कुठल्या चलनात भरायचा?

महाराष्ट्राने एकदा हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने केला होता. १९७२ च्या दुष्काळाच्या तडाख्यात रोजगार हमीचा पसारा वाढला, १९७७ मध्ये वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेचा कायदा झाला. आणि त्याला पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांकडून. १९७५ चा व्यवसाय कर त्यासाठीच बसवला. पगाराच्या पावतीवर 'पी.टी. २००' असं दिसतं आणि फेब्रुवारीत ३००, ते हेच. मी दर महिन्याला कित्येक जणांच्या पगारातून ते कापते, आणि ते मुळात कशासाठी सुरू झालं हे विचारणारा एकही कामगार मला अजून भेटलेला नाही. त्या जुन्या रोजगार हमीला दिवसांची मर्यादा नव्हती. शंभर दिवस वगैरे नंतर दिल्लीहून आले. इथे कोणी विचारतच नव्हतं, किती दिवस? खडी फोडायला उन्हात जो येतो त्याला गरज आहे, एवढं पुरे होतं. माणूस खरा की खोटा हे तिथे हातोडी ठरवायची. शहरात आपल्याकडे खडी नाही, म्हणून आपण ते काम कॅलेंडरवर सोपवलंय. पण शहरातल्या पगारदारांनी गावातल्या बेकारांसाठी पैसे भरले, हे आपल्या राज्यात घडलेलं आहे. शहरातल्या बेकारांसाठी मात्र कोणी कोणाच्या पावतीवर दोनशे रुपये लिहिले नाहीत.

मला विचाराल तर सहा महिने हवेत, मंदीत वर्षभर, आणि ते 'जन्मात एकदा' उद्याच्या उद्या खोडून टाकावं. एका रविवारी मी हे घरी बोलून दाखवलं. नवरा कंपनीत कायम आहे, युनियनमध्ये बरीच वर्षं काढलेली, त्याला आकडे लागतात. मग पगारपत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर मांडणी केली. पगार १८ हजार. सध्या ईएसआयला कामगाराचे ०.७५ टक्के, म्हणजे १३५ रुपये, आणि मालकाचे ३.२५ टक्के, ५८५. औषधपाणी, दवाखाने सगळं त्यात. समजा फक्त बेकारीसाठी आणखी एक टक्का घेतला, दोघांत मिळून. १८० रुपये. पी.टी.पेक्षा कमी. दहा वर्षांत २१,६०० होतात. निम्म्या पगाराने सहा महिन्यांचा भत्ता ५४,०००. म्हणजे दहा वर्षांत दर पाचांतल्या दोघांचं काम सहा-सहा महिने सुटलं, तरी जवळपास भागतं. मी खूश झाले.

"आणि ब्रेकवाले?" तो म्हणाला. "त्यांचं काम दहा वर्षांत एकदा सुटत नाही, दर अकरा महिन्यांनी सुटतं. तुझा फंड दोन वर्षांत झोपेल."

मग मी अमेरिकेतली रीत सांगितली. तिथे जो मालक जास्त माणसं काढतो, ज्याची माणसं जास्त भत्ता मागायला जातात, त्याच्यावरचा कर चढतो. इथेही तसंच करायचं. ब्रेक द्यायचाय? दे. पण प्रत्येक ब्रेकमागे तुझी वर्गणी वाढेल. माणूस घरी बसवण्याची किंमत बसवणाऱ्याच्या वहीत दिसू दे. त्याने कागद आपल्याकडे ओढला, दोनदा आकडे तपासले, त्यात काही चुकलेलं सापडलं नाही. मग म्हणाला, वर्गणी वाढली की तो ठेकेदार ती कंपनी बंद करेल आणि बायकोच्या नावावर दुसरी काढेल. नवी कंपनी, कोरी वही.

काढेलच. मी म्हटलं, मग वर्गणी ठेकेदाराकडून घ्यायचीच नाही. ज्याच्या शेडमध्ये मशीन चालतं त्याच्याकडून घ्यायची. त्याला बायकोच्या नावावर अख्खं चाकण काढता येणार नाही. ह्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग युनियनमधल्या कोणाला तरी फोन लावायला गॅलरीत गेला.